शेवटच्या माणसाची पोच

आमच्या भाऊजींना कुणी नुसतं ‘बरं’ म्हटलेलं चालत नसे.

‘येताना साबण आणि काडेपेटी आणा,’ असं त्यांना सांगितलं की ते दारात उभे राहून म्हणत, ‘साबण, काडेपेटी. मिळालं.’ त्यांनी आपल्याला काही सांगितलं आणि आपण ‘बरं’ म्हटलं, की पायात घातलेल्या चपला काढून परत आत येत. ‘वहिनी, बरं म्हणजे काय? ऐकलंत, की नुसता आवाज केलात? मी काय म्हणालो ते म्हणून दाखवा.’ मी पीठ मळता मळता म्हणून दाखवायची. तेव्हा कुठे स्वारी घराबाहेर पडायची. धाकटी, म्हणजे त्यांची बायको, माझी जाऊ, आतल्या खोलीतून ओरडायची, ‘ताई, पोच देऊन टाका हो! नाहीतर हे दिवसभर उंबऱ्यातच.’

वर्कशॉपमध्येही त्यांना ‘पोचवाले’ म्हणत. तोंडावर म्हणत, आणि त्यांना ते आवडायचं.

भाऊजी माझे धाकटे दीर. डोंगरातले वणवे विझवणारं जे खातं आहे, त्याच्या वायरलेस वर्कशॉपमध्ये ते होते. शिकले चांगले होते, त्यांच्या बरोबरीचे मोठमोठ्या कंपन्यांत गेले, हे इथेच राहिले. एकदा मी त्यांना डबा द्यायला गेले होते. लांबट खोली, खिडकीशी एक टेबल, टेबलावर कान तुटलेल्या कपांमधून वेगवेगळ्या आकाराचे स्क्रू. धूळ झाडायला आमच्याच घरातला जुना टूथब्रश. तारा जोडताना डाग देण्याचा कडवट वास. हाताच्या पंजाएवढे सेट उघडे पडलेले, पोट फाडल्यासारखे. भाऊजी एकेकाला कानाशी धरत आणि माझ्याकडे बघून हसत. घरात इतकं हसताना मी त्यांना पाहिलेलं नव्हतं.

कामाबद्दल ते माझ्याशीच बोलत. त्यांचे थोरले भाऊ, म्हणजे आमच्या घरचे, दुसऱ्या वाक्याला डोळे मिटायचे. धाकटी म्हणायची, ‘मला लग्नात सांगितलं असतं की मुलगा तारेशिवाय बोलतो, तर विचार केला असता.’ राहिले मी. भाजी निवडताना कान मोकळे असतात.

‘फोनला टॉवर लागतो, वहिनी. डोंगराच्या पलीकडे खोऱ्यात टॉवर कुठला? मग आम्ही काय केलं, प्रत्येकाच्या कमरेला एक सेट दिला. माझा निरोप शेवटच्या माणसाला जायचा असेल तर तो आधी माझ्या शेजारच्याच्या सेटमध्ये जातो, तिथून त्याच्या पुढच्या, तिथून त्याच्या पुढच्या. कुणाला काही करावं लागत नाही, सेट आपसांत करतात. खांब नाहीत आमच्याकडे. माणसंच खांब.’

‘आणि माणूस चालायला लागला तर?’

‘तर खांब चालायला लागला!’ त्यांनी मांडीवर थाप मारली. ‘हेच तर कुणी विचारत नाही. सगळी डोकेदुखी तिथेच आहे. आत्ता होती ती वाट घटकेनं नसते. निरोप निघतो आणि मधला माणूस धूर चुकवायला टेकडीमागे जातो.’

‘मग निरोप हरवतो?’

‘हरवू द्यायचा नाही, म्हणून तर माझा पगार आहे.’

हरवू द्यायचा नाही, त्याचा नियम भाऊजींनी बसवला होता. निरोप पाठवणाऱ्याच्या सेटवर एक बारीक हिरवा दिवा. शेवटच्या माणसाच्या सेटला निरोप मिळाला, की तिथून पोच उलट्या वाटेनं परत यायची आणि मगच तो दिवा लागायचा. मधल्यांनी घेतला-दिला त्याला किंमत नाही. ‘शेवटचा काय म्हणतो ते खरं,’ असं ते म्हणत. माझ्या मनात तेव्हा आलं होतं की आपण देवापुढे बसतो तेव्हा असा दिवा असता तर किती बरं झालं असतं. तसं मी म्हटलंही. भाऊजी म्हणाले, ‘तुमचा माणूस हलत नाही, वहिनी. एका जागी असतो. तुम्हाला दिव्याची गरज नाही.’ भाऊजींचं बोलणं असं गोड असायचं. म्हणूनच पुढचं लिहायला जड जातं.

धाकटीचा थोरला भाऊ त्याच खात्यात, पण डोंगरावर. वणवा विझवणाऱ्या तुकडीचा प्रमुख. त्याला सगळी तुकडी ‘खुंटा’ म्हणायची. एकदा आगीपुढे पाय रोवून उभा राहिला की हलत नाही, म्हणून. घरी आला की पायरीवर बसूनच बूट झटकायचा, आणि आमच्या अंगणात राखेचा ढीग व्हायचा. मी बोलले की म्हणायचा, ‘ताई, भांडी घासायला ठेवा.’ हसरा होता. भाऊजींना तो दाजी म्हणायचा आणि छळायचा.

‘दाजी, तुमच्या त्या दिव्याची वाट बघून आमचे डोळे पांढरे होतात. निरोप खाली गेलेला असतो, माणूस वर यायला लागलेला दिसतो, तरी दिवा काही लागत नाही!’

‘पोच परत येताना वाट तुटते. मग पुन्हा प्रयत्न करावा लागतो.’

‘आमची पोरं काय करतात माहितेय? दिवा लागला नाही की परत तेच पाठवतात, परत तेच. शेवटी सगळ्यांचे सेट त्याच एका निरोपानं भरून जातात. मी दिव्याकडे बघत बसू की वणव्याकडे?’

‘वणवा वाट बघत नाही हे मला कळतं.’

‘कळतं तर करा काहीतरी. साबणाच्या वेळी तरी आम्ही पोच देतोच ना!’

अशी तक्रार सगळ्याच तुकड्यांची होती. त्यातच वरून मोठे अधिकारी सेट बघायला येणार असं ठरलं. भाऊजींचे साहेब त्यांच्या टेबलाशी येऊन म्हणाले, दिवा चटकन लागेल असं करा, पाहुण्यांसमोर दिव्याकडे बघत बसायला नको. भाऊजी नको म्हणाले. बरेच दिवस नको म्हणत राहिले. मग एका संध्याकाळी घरी आले ते स्वयंपाकघराच्या दारात नुसतेच उभे.

‘आज एक काम केलं, मला पसंत नाही ते.’

‘मग का केलंत?’

‘सगळे खूश आहेत.’

आता दिवा लागायचा तो शेजारच्या सेटनं निरोप घेतला की लगेच. तिथून पुढे नेणं ही त्या शेजारच्याची जबाबदारी. नेईलच की तो, त्यासाठीच तर आहे. पोच परत यायची कटकट गेली, तेच तेच पाठवणं थांबलं, पाहुणे आले आणि टाळ्या वाजवून गेले. भाऊजींनी सगळ्या तुकड्यांना एकत्र बसवून सांगितलं की हिरवा म्हणजे पुढच्यानं घेतला, शेवटच्याला मिळाला असं नाही. माणसं जेवायच्या घाईत होती. सगळे ‘बरं’ म्हणाले.

त्या दिवशी भाऊजींनी कुणालाही म्हणून दाखवायला लावलं नाही. हे मी त्यांच्याच तोंडून ऐकलंय, नंतर.

कोरडा वारा सुटला आणि डोंगर पेटला तो दुपारचा. मी आणि धाकटी गच्चीवर वाळलेले कपडे काढत होतो. चादरींना धुराचा वास लागलेला. धाकटी म्हणाली, ‘परत धुवाव्या लागणार. दादाला सांगते, तुझ्या वणव्याचं धुणं तूच धू.’ इतकं बोलून ती डोंगराकडे बघत राहिली. धूर आधी पलीकडे जात होता, तो आमच्या देखत उलटा फिरला. आम्हाला त्यातलं काय कळणार? आम्ही घड्या घालत खाली आलो.

वारा फिरला तेव्हा खुंटा आणि त्याचा जोडीदार खोऱ्याच्या तळाशी होते. बाकीचे वर होते, ते निघाले. हे दोघे नाही निघाले.

घरावर काय आलं ते लिहीत नाही. ज्यांच्यावर आलंय त्यांना माहीत असतं.

पण माणूस जाऊन डोळे कोरडे व्हायच्या आत गावात एक वाक्य फिरायला लागलं: सांगितलं होतं, ऐकलं नाही. कंट्रोल रूममधल्या मुलीनं वारा फिरताच ‘खोऱ्यातून ताबडतोब बाहेर या’ असा निरोप पाठवला होता. तिच्यासमोर हिरवा दिवा लागला होता. तिनं उठून तिच्या साहेबांना सांगितलं, पोचला. तिची काय चूक? दिवा हिरवा होता. मग निरोप पोचूनही धाकटीचा भाऊ खाली का थांबला? कारण तो खुंटा. स्वतः तर गेलाच, बरोबरच्यालाही घेऊन गेला. ज्या नावानं लोक त्याला डोक्यावर घेत होते, त्याच नावानं त्याला खाली आपटलं.

धाकटीची आई आणि त्या जोडीदाराची बायको एकाच गल्लीत राहतात, समोरासमोर. म्हातारीचं दार उघडलं की पहिलं ते दार दिसतं. यापेक्षा जास्त सांगायला नको.

त्याच आठवड्यात भाऊजींनी सगळे सेट गोळा करून एकेक उघडला. दुपारी घरी आले. त्यावेळी कधी येत नसत. माझ्यासमोर स्टूल ओढून बसले.

‘वहिनी, निरोप खाली गेलाच नव्हता.’

मी हातातलं ठेवलं.

‘पाण्याच्या टँकरच्या ड्रायव्हरनं घेतला. तो रस्त्यावर होता, कंट्रोल रूमला सगळ्यात जवळ. त्यानं घेतला म्हणून दिवा लागला. तिथून तो डोंगराच्या धारेवर उभ्या असलेल्या माणसाकडे जायचा आणि त्याच्याकडून खाली खोऱ्यात. पण धारेवरचा माणूस धुरामुळे पलीकडे सरकलेला. निरोप ड्रायव्हरच्या सेटमध्ये पडून आहे. अजून आहे. मी वाचला.’

‘सेट परत परत प्रयत्न करतात ना? तुम्हीच म्हणाला होतात.’

‘करतात.’ ते माझ्या डब्यांकडे बघत बसले. ‘तुम्ही दळण घेऊन गिरणीत जाता. गर्दी दिसली तर काय करता?’

‘परत येते. थोड्या वेळानं जाते.’

‘तरी गर्दी असली तर?’

‘आणखी उशिरानं जाते. तिथे उभं राहून कोंडी कशाला करायची?’

‘शहाणपण आहे ते. मी सेटला तेच शिकवलं होतं. उत्तर आलं नाही तर समज की वाटेत गर्दी आहे. थांब. तरी नाही आलं तर दुप्पट थांब. त्याच्याही दुप्पट थांब. पण गिरणीत गर्दी नसली, गिरणीवाला नुसता बाहेर गेलेला असला तर? तो परत आला, गिरणी चालू करून बसला, पुन्हा निघूनही गेला. आणि तुम्ही घरी, गर्दी ओसरायची वाट बघत.’

मला कळायला वेळ लागला.

‘धारेवरचा माणूस परत आला होता?’

‘आला होता. खालचे दोघे दिसतात का बघायला. चांगला उभा होता तिथे, तोच सांगतो. वाट पूर्ण मोकळी होती. ड्रायव्हरचा सेट तेव्हा गप्प बसून होता. थांबत होता. मी शिकवलं तसं.’

ते रडले नाहीत. मी पाणी दिलं, ते हातात धरून बसले. मी विचारलं, ‘कुणाला सांगितलंत?’

‘साहेबांना. तिथून उठून सरळ त्यांच्याकडेच गेलो. सगळं सांगितलं. दिव्याचंही.’

‘काय म्हणाले?’

‘म्हणाले, हे फार महत्त्वाचं आहे, मी चौकशी समितीपुढे ठेवतो. तुम्ही आता घरी जा, तुमच्याच घरातला माणूस गेलाय.’

आणि भाऊजी घरी आले होते.

संध्याकाळी त्यांनी धाकटीला सांगितलं. ती त्यांच्या अंगावर धावून जाईल असं मला वाटलं होतं, कारण दिवा त्यांनीच बदललेला. पण तिनं फक्त एवढंच धरलं: दादानं ऐकलं नाही असं नाही, त्याच्यापर्यंत आलंच नव्हतं. ती म्हणाली, ‘हे तुम्ही खरं सांगितलंत ना साहेबांना? स्वतःचं झाकून नाही ना ठेवलंत?’ ते म्हणाले, नाही. ‘मग झालं,’ म्हणाली. त्या रात्री ती बऱ्याच दिवसांनी जेवली.

आईला लगेच सांगूया असं मी सुचवलं. धाकटी नको म्हणाली. ‘माझ्या तोंडून ऐकलं तर आई काय म्हणेल? बहीण भावाचंच बोलणार. छापून येऊ दे, समितीच्या सहीचं. मग तिला वाचून दाखवते आणि गल्लीलाही ऐकू जाईल असं वाचते.’ तिचं म्हणणं मला पटलं. आम्ही थांबलो.

समितीनं भाऊजींनाही बोलावलं. इस्त्रीचा शर्ट घालून गेले, लवकरच परत आले. धाकटीनं दारातच गाठलं.

‘काय विचारलं?’

‘सेट चालू स्थितीत होते का, एवढंच.’

‘आणि तुम्ही?’

‘होते म्हणालो. होतेच.’

‘बाकीचं?’

‘बाकीचं साहेबांनी सांगितलंय ना. पुन्हा तेच ते कशाला? आणि विचारलंही नाही त्यांनी.’

धाकटी ‘बरं’ म्हणाली. भाऊजींनी तिला म्हणून दाखवायला लावलं नाही, तिनंही त्यांना. मी तिथेच होते, मीही विचारलं नाही.

मग अहवाल आला. पेपरात आतल्या पानावर होता. धाकटीनं उभ्यानंच वाचला. निरोप मिळूनही तुकडीप्रमुखाने जागा सोडली नाही. इतक्याच शब्दांत, पुढे इतर शिफारशी. दिवा नाही, ड्रायव्हर नाही, थांबणं नाही.

भाऊजी दाढी करत होते. ती त्यांच्यामागे आरशात जाऊन उभी राहिली.

‘तुम्ही सांगितलं होतं ना?’

‘सांगितलं होतं.’

‘कुणाला?’

‘साहेबांना.’

‘आणि साहेबांनी?’

‘ते म्हणाले होते की पुढे...’

‘म्हणाले होते! आणि तुम्ही घरी आलात!’ तिचा आवाज चढला नाही, उतरला. ‘दोन पैशांच्या काडेपेटीसाठी बायकोकडून म्हणवून घेणारा माणूस. माझ्या भावाच्या वेळी नाही विचारलंत, शेवटच्याला मिळालं का म्हणून?’

भाऊजींच्या गालावर साबण वाळत होता. ते म्हणाले, ‘मला वाटलं...’ आणि थांबले.

त्यांना काय वाटलं ते मी सांगते, कारण मी त्यांना पुष्कळ वर्षं ओळखते. त्यांना हलकं वाटलं होतं. खरं बोलण्याचं ओझं त्यांनी पुढच्याच्या हातात दिलं, पुढच्यानं घेतलं, आणि ते घरी आले. दिवा लागला होता. तो कशाचा दिवा आहे हे या जगात सगळ्यात जास्त त्यांना ठाऊक होतं. पण पुढे जाऊन बघायचं म्हणजे सगळ्यांच्या समोर उभं राहून म्हणायचं, हे मी केलं. माणूस वाईट असता तर लिहायला सोपं गेलं असतं. ते वाईट नाहीत. ते थांबले, एवढंच.

ते साहेबांकडे गेले. साहेब म्हणाले, मी वर कळवलं होतं. वर गेले. वरचे म्हणाले, तोंडी काहीतरी कानावर आलं होतं, पण समितीचं काम तेव्हा संपत आलेलं. समितीच्या अध्यक्षांकडे गेले तर समितीच उरली नव्हती. निघताना साहेबांनी त्यांना बाजूला घेऊन सांगितलं, ‘प्रकरण उकरलंत तर दिव्याचं काम तुमच्या हातचं निघेल, हे लक्षात ठेवा. माझ्या तर नुसत्या तोंडचं आहे.’ भाऊजी म्हणाले, उकरा. कुणी उकरलं नाही. दिवा तरी पूर्वीसारखा करू द्या म्हणाले, तर उत्तर आलं, आत्ता बदलला तर लोक विचारतील का बदलला. डोंगरावर अजून तोच दिवा लागतो. भाऊजींनी नोकरी सोडली. त्यानं कुणाचं काही अडलं नाही.

‘चला,’ धाकटी एका सकाळी म्हणाली. ‘समिती गेली खड्ड्यात. माझ्या आईला तुम्ही स्वतः सांगा. मधे कुणी नको.’ मला म्हणाली, ‘ताई, तुम्हीही या. यांचा पाय वाटेत वळला तर धरायला कुणीतरी हवं.’

गेलो. दोन खोल्या. बाहेरच्या खोलीत खुंट्याचे बूट दाराशी, पुसून ठेवलेले, राखेचा कण नाही. म्हातारी घरात नव्हती. समोरच्या जिन्यावरून रिकामी कळशी घेऊन उतरताना दिसली. त्या जोडीदाराच्या बायकोची खोली वरच्या मजल्यावर, वर पाणी चढत नाही. तिचा नवरा रोज सकाळी खालून पाणी भरून द्यायचा. आता म्हातारी भरत होती. कुणी सांगितलेलं नव्हतं. ती बाई दार उघडत नव्हती, म्हातारी दाराबाहेरच्या भांड्यांत कळशी ओतून परत येत होती.

धाकटी आईच्या हातातून कळशी घेऊन म्हणाली, ‘आई, बस. हे काय सांगतात ते नीट ऐक.’

भाऊजी जमिनीवर बसले. त्यांनी सगळं सांगितलं. दिवा आधी कसा होता, नंतर कसा केला, कुणी केला. गिरणीचं उदाहरण दिलं. धारेवरचा माणूस परत आला होता हेही सांगितलं, ते नसतं सांगितलं तरी चाललं असतं. काही लपवलं नाही. मी देवाला साक्ष ठेवून सांगते, त्या दिवशी त्यांनी स्वतःला जराही सोडलं नाही. म्हातारी पदर सारखा करत, मान हलवत ऐकत होती. ‘हो... हो... कळलं.’

भाऊजींनी विचारलं, ‘काय कळलं, सांगा मला.’

म्हातारीनं त्यांच्या तोंडावरून हात फिरवला.

‘हे कळलं की माझा जावई देवमाणूस आहे. माझ्या पोराचं पाप अंगावर घ्यायला आलाय.’

‘आई, पाप नाही! दादाला निरोप मिळालाच नाही!’ धाकटी ओरडली.

‘तू गप्प बस. मी त्याला जन्म दिलाय. लहानपणी मधमाश्या उठल्या होत्या, सगळी पोरं पळाली, हा झाडाखाली उभा. मी इथून हाका मारतेय, घसा फुटेपर्यंत. ऐकू येत होतं त्याला. नाही हलला. सुजून घरी आला.’ मग भाऊजींना म्हणाली, ‘त्याला ऐकू आलं असणार हो. तुम्ही कशाला आपल्या जिवाला लावून घेता? चहा ठेवते.’

पुन्हा सांगितलं. पुन्हा ती ‘कळलं’ म्हणाली. त्या गल्लीत इतके दिवस रोज कानावर पडलेलं, छापून आलेलं, आणि तिच्या आठवणीतल्या मुलाशी तंतोतंत जुळणारं असं ते खोटं होतं. आमचं खरं उशिरा आलेलं आणि जावयाच्या तोंडचं. आम्ही छापून यायची वाट बघत बसलो तेवढ्यात तिनं मुलाला मनातल्या मनात दोषी धरून माफही करून टाकलं होतं. आता तो निर्दोष आहे म्हटलं तर तिनं ती माफी ठेवायची कुठे?

धाकटी उठून बाहेर गेली. भाऊजी चहा प्यायले.

मग ते समोरचा जिना चढून गेले. त्या बाईनं त्यांच्यासाठी दार किलकिलं केलं. मी खाली उभी होते, तिचं बोलणं स्पष्ट ऐकू आलं. ‘मेहुण्याचं नाव धुवायला आलात होय? तुमच्या घरातलं घरात ठेवा. माझा माणूस त्याच्या शब्दावर खाली थांबला होता.’ आणि दार लागलं. तिला तरी काय बोलणार?

दुसऱ्या दिवसापासून भाऊजी सकाळी सकाळी त्या गल्लीत जायला लागले. म्हातारीच्या हातातली कळशी घ्यायची, नळावर भरायची, जिना चढून वर त्या दाराशी भांडी भरून ठेवायची. ज्याचं करणं त्यानं भरावं, असं त्यांच्या मनात असणार. मला ते चांगलं वाटलं. देवाला हेच आवडत असेल असं वाटलं.

धाकटी आईकडे राहून आली आणि आल्या आल्या मला म्हणाली, ‘गल्लीत काय बोलतात माहितेय, ताई? बघा, जावईसुद्धा भरपाई करतोय. म्हणजे खुंट्याची चूक होतीच. घरच्यांनाही मान्य आहे.’

सकाळी भाऊजी निघाले तेव्हा ती दारात आडवी उभी राहिली.

‘तुम्ही जाऊ नका. तुम्ही एकेक कळशी चढवता आणि दादा एकेक पायरी खाली जातो.’

‘मी नाही गेलो तर म्हातारी चढवते. काल तिचा पाय घसरला.’

‘घसरू दे!’ म्हणाली, आणि लगेच तोंडावर हात ठेवला.

मी दोघांच्या मधे उभी होते. दोघांपैकी कुणाची समजूत काढावी ते मला कळेना. धाकटी बाजूला झाली. भाऊजींनी चपला घातल्या, आमच्याकडे न बघता फाटक उघडलं आणि ते पाणी भरायला गेले.